नाव कुठेही नसावे

विट्यात तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
दोन रुपये पान, पाठपोट तीन.
सातबारे, जामिनाचे कागद, लग्नाळू पोरांचे बायोडेटा,
आणि पावसाळा सरत आला की
नवोदितांचे अर्ज.

ते लगेच ओळखू येतात.
किती होतील, हे दोनदा विचारतात.
पान काचेवर ठेवलं तरी कोपरा सोडत नाहीत,
दवाखान्याच्या काट्यावर बाळ ठेवल्यासारखे.

नियम मला पाठ झालेत.
प्रती तीन.
मजकूर अप्रकाशित असल्याचं स्वघोषणापत्र.
पाकीट उशिरा पोचल्यास संस्था जबाबदार नाही.
हस्तलिखितावर नाव कुठेही नसावे.

गलांड्यांची सुप्रभा आली.
बाप कोइमतूरला गलाई करतो, सोनं वितळवतो.
पोरीनं चव्वेचाळीस कवितांखाली
चव्वेचाळीस सह्या केलेल्या, शेपटीसकट.
आता काय करू, म्हणाली.
मी एका पाठकोऱ्या लग्नपत्रिकेची
बोटभर पट्टी कापली,
सहीवर ठेवली, झाकण लावलं, बटण दाबलं.
नाव गेलं.
पट्टीच्या कडेची पुसट रेघ तेवढी उमटली.
ती रेघ तिनं बराच वेळ पाहिली.
"बाबा म्हणतात, कस लावताना
दागिना कुणाचा ते विचारायचं नसतं."
मग स्वतःशीच, "परत देताना तरी विचारत असतील."

इलाही मुलाणी यंत्रमागावर रात्रपाळीला असतो.
बोलतो मोठ्यानं, लिहितो बारीक.
दोनशे बारा पानांची कादंबरी,
निम्मी जुन्या बिलबुकांच्या पाठीवर.
पहिल्या पुस्तकाला चाळीस हजार अनुदान,
वय एक जून रोजी पस्तीस पूर्ण नसावे.
मी त्याचा शाळा सोडल्याचा दाखला काचेवर ठेवला.
जन्मतारीख, एक जून.
पस्तीस. बरोब्बर.

आमच्याकडं अर्धं गाव एक जूनला जन्मलंय,
कारण गुरुजींना पट भरून जेवायला जायचं होतं.
त्याची आई म्हणते, तो झाला
कडेगावला ताबूत भेटले त्या रात्री.
म्हणजे ऐन श्रावणात.
म्हणजे अजून चौतीसच.

पट्टी काचेशेजारीच पडलेली.
मी काही बोलले नाही, तिच्याकडं नुसतं बघितलं.
त्यानंही बघितलं.
"नको," कचेरीपर्यंत ऐकू जाईल असं तो म्हणाला,
"नाव झाकायला त्यांनीच सांगितलंय.
हे नाही सांगितलेलं."

दुसऱ्या दिवशी आईच आली, हलिमाबी.
बाहेरच्या टायपिस्टकडून लिहवून आणलेलं,
की मी लिहून देते, वर्ष विचारू नका,
रात्र खरी आहे.
खाली अंगठा.
अंगठ्याच्या रेषा अशा स्वच्छ उमटल्या,
माझ्या मशिनीवर अक्षरसुद्धा इतकं उमटत नाही.
मी पैसे नको म्हणाले. तिनं सहा रुपये मोजून ठेवले.

पाकीट रजिस्टरनं गेलं.
तो कागद संस्था मानेल का?
मला नाही वाटत. निकाल दिवाळीनंतर.
जाताना इलाहीनं चौथी प्रत काढायला लावली,
"तुमच्याकडं ठेवा, गिऱ्हाईक नसलं की बघा."
मी एकसष्टाव्या पानावर आहे.
तिथं मध्यरात्री वीज जाते, सगळे माग थांबतात,
आणि शांततेनं
पेठ दचकून जागी होते.

परवा गर्दीत पट्टी काचेवरच राहिली.
भाळवणीच्या एका गृहस्थांचं आधारकार्ड निघालं
फोटो, पत्ता, बारा आकडे,
नावाच्या जागी पांढरं.
त्यांनी कागद उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला,
"बाई, ह्यात मी कुठंय?"